आवणीच्या दिवसांतली खोली

आई,

मी सध्या ओढ्याच्या पलीकडे राहते आहे. जिथं पूर्वी शेटची आंब्याची बाग होती आणि आपल्याला कुंपणालाही हात लावायची बंदी होती, तिथं. आता बाग थोडीच उरली आहे आणि मधल्या मोकळ्या जागेत मातीच्या काही खोल्या उठल्या आहेत. मुंबईच्या एका जोडप्यानं ही जागा घेतली. ते दोघं गावठी भाताची बियाणी जमवून लावतात, खत विकत आणत नाहीत, आणि वर्षातले काही महिने चित्रकार, लेखक, नाचणारे, मातीची भांडी करणारे अशा लोकांना इथं राहायला बोलावतात. सकाळी थोडा वेळ सगळ्यांनी शेतात काम करायचं आणि उरलेला दिवस आपापलं. या पावसाळ्यात त्यांनी मलाही बोलावलं. शाळेतून बिनपगारी रजा काढून आले. मला स्वतःची खोली आहे, आई, आतून कडी असलेली. आणि खिडकीतून आपली खाचरं दिसतात, तिथंच सगळा घोटाळा आहे. आल्या दिवसापासून मला स्वस्थ बसवत नाही. ब्रश हातात घेते, उठते, खिडकीशी जाते, परत येते, रंग वाळून गेलेला असतो.

येण्याआधी बाईंनी, म्हणजे ही जागा चालवणाऱ्या बाईंनी, फोनवर विचारलं होतं, "तुम्ही त्या भागातल्या, म्हणजे वारली करता ना?" मी म्हटलं, नाही, मी एसटी स्टँड काढते. मुरबाडच्या स्टँडवरची बाकं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बायकांच्या फुगलेल्या पिशव्या, बाकावर आडवी झालेली माणसं. त्या मनापासून हसल्या. "या, तेच काढा." माणसं वाईट नाहीत, हे तुला आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुला तसं वाटेल. पण पहिल्याच सकाळी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या इथल्याच आहेत, आपल्याला आवणी याच शिकवतील." मी म्हटलं, मी आवणीला येणार नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. भाताची रोपं लावायलाच तर ते एवढ्या लांबून आले होते. शेवटी मी स्वयंपाकघरातलं काम मागून घेतलं. रोज सकाळी बाकीचे चिखलात जातात आणि मी गावातल्या दोघी बायकांबरोबर चुलीजवळ बसून कुर्डूची भाजी निवडते, कंटोळी चिरते.

चुलीशी बसलं की तू आठवतेस, आणि तीही रागावलेली. मी अगदी लहान आहे. तू भाताची कणगी शेणानं लिंपून वाळवून ठेवली आहेस आणि मी चुलीतला विझलेला कोळसा घेऊन तिच्यावर आत्याचं तोंड काढते आहे. आत्याचं नाक, आत्याची नथ. तू पाण्याची कळशी घेऊन आत येतेस, बघतेस, कळशी खाली ठेवतेस आणि माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "धान्याच्या अंगाला काळं फासतात का गो?" मी रडत बाहेर पळते. पण तू ते पुसलं नाहीस. पुढच्या वर्षी कणगी पुन्हा लिंपेपर्यंत आत्या तिथंच होती, आणि खरी आत्या घरी आली की तू तिला कणगीकडं पाठ करून बसवायचीस. हे मला फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा फक्त पाठ दुखत होती.

आणि तो दुसरा दिवस, ज्याच्याबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. आवणी चालली आहे. ओळीत आजी आहे, काकू आहे, शेजारच्या बायका, तू आणि मी. माझी दहावी झाली आहे. चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा उद्या मुंबईला आहे. शाळेतले ड्रॉइंगचे सर घरी येऊन सांगून गेले आहेत आणि आजीनं त्यांना चहा देऊन म्हटलं आहे, "आवणी उरकली का मग बघू." मी वाकून रोपं लावत मागं मागं सरकते आहे. रस्त्यावर टोकावड्याच्या अंगानं एसटीचा आवाज येतो. तू ताठ उभी राहतेस. हातातली रोपांची मूठ चिखलात टाकून देतेस, माझ्या दंडाला धरतेस आणि सगळ्यांच्या देखत मला ओळीतून बाहेर ओढतेस. आजी ओरडते, "अगो, हात कमी पडतील, येडी झालीस का?" तू म्हणतेस, "पडूं दे." ओढ्याच्या पाण्यात तू माझे पाय धुतेस, लहान पोराचे धुवावे तसे. एकच चांगली छत्री होती घरात, ती माझ्या हातात देतेस आणि स्वतः इरलं डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत पळत येतेस. गाडी आपल्यासाठी थांबते. "कल्याणला मावशीकडं जा, सकाळी ती नेईल. आणि आवणीला परत येऊ नको." एवढंच बोललीस. परीक्षेत कागदावर माझ्या नखातला चिखल उतरला होता, तरी मला प्रवेश मिळाला.

ते वाक्य मी पाळलं. गणपतीला आले, शिमग्याला आले, तुझ्या शेवटच्या आजारात आले, पण आवणीच्या दिवसांत कधी गावात पाऊल टाकलं नाही. मी मुलांना चित्रकला शिकवते, माझी चित्रं कधीमधी कुठं लागतात, आणि हे सगळं तुझ्या त्या एका ओढण्यामुळं, असं मी मनात धरून होते. कुणी विचारलं तर सांगायचे सुद्धा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, मलाही बरं वाटायचं. बाईंनी माझी ओळख लिहिली होती, "मातीकडे परतलेली कलाकार". ती ओळ मी खोडायला लावली. मी मातीकडं परतलेली नाही, मी खोलीत आले आहे.

मग या वर्षी दादाकडं माणसं कमी पडली. त्याचे दोन्ही मुलगे मुरबाडला कंपनीत, शिफ्ट सोडून येता येईना. मजूर सगळे मोठ्या शेतांवर आधीच बांधलेले. राबात दाट पेरून वाढवलेली रोपं लावणीवाचून उंच होऊन पिवळी पडायला लागली. हे स्वयंपाकघरात बोललं गेलं आणि बाईंच्या कानावर गेलं. संध्याकाळी सगळे बसलेले असताना त्या म्हणाल्या, "उद्या आपण सगळेच तिकडे जाऊ या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून खोलीत आले. सकाळी खिडकीतून बघते तर आपल्या खाचरात लाल, पिवळे, निळे रेनकोट. पुण्याची एक नाचणारी मुलगी चिखलात घसरून पडली आणि सगळे हसले. कुणीतरी गाणं सुरू केलं. खरं सांगायचं तर त्यांनी मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ काम केलं. मी कागदावर एक बाक काढला, पुसला, परत काढला. दुपारपर्यंत कागदाला भोक पडायची वेळ आली.

जेवायच्या वेळी वहिनी त्यांच्याबरोबर इकडं आली. मागच्या दारी हात धूत होती. मी म्हटलं, "आत ये ना."

"नको. पाय भरलेत." तिनं हात पदराला पुसले. "तुझी खिडकी दिसते शेतातून. परकी मानसं आली गो. तू नाय आलीस."

"वहिनी, आईनं मला त्या वेळी..."

"म्हायत हाय काय सांगितलं ते. आख्ख्या गावाला म्हायत हाय." आणि ती जेवणाच्या पंगतीत जाऊन बसली, त्या नाचणाऱ्या मुलीच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी इथले सगळे कंबर धरून झोपले होते. खिडकीतून दिसलं, कडेच्या खाचरात वहिनी एकटीच वाकलेली आहे आणि दादा रोपांच्या मुठी आणून टाकतो आहे. मी खोलीत फेऱ्या मारल्या. मग चपला बांधावर काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि उतरले. तू रागावशील, माहीत होतं. वरचा चिखल कोमट आणि आतला थंड, हे मी विसरले होते, पायाला मात्र पक्कं आठवत होतं. वहिनीनं एक मूठ माझ्याकडं टाकली. दादानं बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि राबाकडं गेला. बराच वेळ नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "त्या दिवशी आईनं मला बाहेर काढलं नसतं, तर मी अजून इथंच असते."

ती वाकलेलीच होती. रोपं खोवत खोवत म्हणाली, "तुला काढली, पुढल्याच उन्हाळ्यात मला आणली."

"म्हणजे?"

"हात कमी पडले ना. तुझी आजी पार भात झोडेपर्यंत आईला बोलत व्हती. मग आईच आली आमच्याकडं, सवता. माझ्या बापाला म्हणाली, पोरगी चपळ हाय, आमच्या घरात द्या. माझी बारावी झालेली. शहापूरला नर्सचं शिकायला जायचं ठरलेलं, मामानं बोलून ठेवलं व्हतं. बाप म्हणाला, घर चांगलं हाय, नर्सचं राहूं दे."

मला उभं राहावं लागलं. पाठ मोडली होती म्हणून, असं म्हण हवं तर. मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस."

"कोण विचारणार?" आता तीही उभी राहिली, मनगटानं कपाळावरचं पाणी पुसलं. "आईनं मला वाईट नाय वागवली. पयल्या बाळंतपणात माझे पाय चेपले तिनं. मरताना माझ्याच हातनं पाणी प्याली. पन ताप अंगात घेऊन मी ह्याच चिखलात उभी व्हते गो, आनि ती बाजूलाच व्हती. माझा हात नाय धरला कधी." मग खाली बघून म्हणाली, "लाव ती मूठ, सुकंल."

मी लावली. आई, तेव्हापासून मी तुला विचारते आहे. "पडूं दे" म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं का, ते कमी पडलेले हात कुठून आणायचे? की ते नंतर, आजीचं बोलणं ऐकून ऐकून सुचलं? वहिनीच्या बापाच्या ओटीवर बसलीस तेव्हा ती पोरगी बारावी झाली आहे हे तुला कुणी सांगितलं होतं का? तू विचारलंस का? मी तुझ्यावर रागावलेली नाही. मला रागावता येत नाही, हीच अडचण आहे. तू एका पोरीला बाहेर काढलंस आणि तिच्या जागी दुसरी उभी केलीस, आणि पहिली मी आहे. मी कुठल्या तोंडानं बोलू? आतापर्यंत मी लोकांना जी गोष्ट सांगत होते ती माझी एकटीची नव्हती, एवढं मला कळलं. ती आता सांगवणार नाही.

अंधारून आलं तेव्हा आम्ही बांधावर पाय धुतले. वहिनीचा आवाज जरा मोकळा झाला होता. "उद्या वरचं खाचर हाय. येशील?"

"येते," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी पाऊस थांबला. सिद्धगडाच्या बाजूनं ढग वर सरकले आणि माझ्या टेबलावर असा स्वच्छ उजेड पडला, जो इथं आल्यापासून एकदाही पडला नव्हता. मी नुसतं बसून बघायचं म्हणून बसले, आणि हात चालू लागला. बाक नाही, खुर्च्या नाहीत. वहिनीची वाकलेली पाठ. वरच्या खाचरातून तिचा आणि दादाचा आवाज येत होता, मी खिडकी लावून घेतली नाही, तो आवाज ऐकतच काढत राहिले. दुपारचं जेवायलाही उठले नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकं चांगलं चित्र झालेलं नाही. तू म्हणशील, स्वतःची वाखाणणी पुरे. पण ते खरंच चांगलं झालं आहे.

काल गावातल्या लोकांना इथलं काम बघायला बोलावलं होतं. वहिनी कोरडं, इस्त्रीचं पातळ नेसून आली. चित्रापुढं पुष्कळ वेळ उभी राहिली. "ही मी?" मी मान हलवली. "बरी काढलीस," ती म्हणाली, "कंबर लय वाकवलीस पन." आणि हसली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "त्या दिवशी का नाय आलीस? वाट बघितली दुपारपर्यंत." मी म्हटलं, डोकं दुखत होतं. तिचा चेहरा लगेच बदलला. "सांगायचं ना गो. बाम आनून दिला असता."

उद्या सकाळी मी टोकावड्याहून जीपनं मुरबाडला, तिथून कल्याणला जाणार. जायच्या आधी वहिनीला भेटेन, काहीतरी बोलेन, अजून ठरत नाही. हे तुला लिहिते आहे, कारण तुझ्या पत्त्यावर पत्र जात नाही आणि इथं दुसऱ्या कुणाला सांगायची माझी तयारी नाही. डोकं दुखत नव्हतं, आई. उजेड चांगला होता.