पाठीचा फोटो

१० फेब्रुवारी, सोमवार
डमीवरचा ब्लाउज कोण बघत नाही, बाईच्या पाठीवरचा बघतात. वंदूने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मेले चावट आहेत लोक. ती म्हणाली, "चावट नाही गं मावशी, बघणाऱ्या बायकाच आहेत. गळा अंगावर कसा बसतो ते डमीवर कळत नाही." बरोबर आहे. एवढी वर्षं शिवतेय, मला सुचलं नाही.
फोटोत पाठ तिचीच. वेणी पुढे घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तोंड दिसत नाही म्हणून मी हो म्हटलं. त्या फोटोंच्या ॲपवर टाकून दिला. जाहिरातीला पैसा नाही, काही नाही. एक बाई बघते, आपल्याकडे ठेवून घेते, तिचं बघून दुसरी. खाली दाबलं की आमचं पान. तिथे पेपर कटिंग विकत. मापं पाठवा, त्या मापाचं कटिंग फोनवर येतं, घरी छापा नि कापड कापा. सांगलीची बाई घेते, दुबईची घेते. दुकानात बसल्या बसल्या. वंदूला बाहेर पडायला नको, हेच तर पायजे होतं.
आज फोटोखाली कोणीतरी लिहिलंय, कापड कुठून घेतलंत?
विचारतात बायका. त्यात काय.

१२ फेब्रुवारी
त्यात काय म्हटलं खरं, पण दोन दिवस तेच डोक्यात. दोनदा बाही उलटी लावली.
कापड तिच्या लग्नाच्या शालूचं. दिवाळीनंतर महाडहून नवऱ्याला टाकून आली तेव्हा एका पिशवीत दोन ड्रेस आणि तो शालू. का आणला म्हटलं तर म्हणे, "हाताला लागलं ते भरलं." मग एक दिवस म्हणाली, "मावशी, ह्याचं पायपुसणं कर." असल्या कापडाचं पायपुसणं? माझ्याने होईना. कपाटात कुजवणं पण होईना. पदर कापला, त्याची ब्लाउजची पाठ केली. फोटोला असंच पायजे होतं, डाळिंबी रंग, मोठा मोर.
आणि आज आठवलं. लग्नात तिची सासू माझ्यापुढे मिरवत होती. "मागावर मुद्दाम विणून घेतलाय हो, असा दुसरा मिळायचा नाही."
मी शिंपीण. वाटेने चाललेल्या बाईचा ब्लाउज बघून सांगते माझ्या हातचा की दुसरीच्या. माझ्या लक्षात यायला नको?

१३ फेब्रु.
आजपासून पूर्ण नाव लिहायचं नाही. वं. बस. त्याचं तर नावच नको. वरची खोडायला पायजेत, कंटाळा आला.
वं.ला अजून शालूचं बोलले नाही. हसत होती सकाळी. किती दिवसांनी दात दिसले तिचे.

१५ फेब्रु., शनिवार
त्याच खात्यावरून परत. नाव नाही, फोटो नाही. लिहिलंय, "पदर कापलात?"
एवढंच.
वं.ने वाचलं. मी तिच्याकडे बघत होते. आधी तिला कळलं नाही, मग कळलं. खडू हातातून खाली. उचलला पण नाही.
मी म्हटलं, काढ तो फोटो. आत्ताच्या आत्ता.
म्हणाली, "काढते. पण आपला काढला म्हणून जाणार नाही. ज्यांनी ठेवून घेतलाय त्यांच्याकडे आहेच. त्यांच्याकडून पुढे जातोय."
"मग बंद कर सगळ्यांचं."
"मावशी, ते आपल्या हातात नसतं."
दोन महिने हेच गुण गात होतो ना आपण. फुकट फिरतो, आपोआप फिरतो, आपल्याला काही करावं लागत नाही. फिर बाबा आता.
काढला. थोड्या वेळाने तिने शोधून दाखवला. तीच पाठ, दुसऱ्या कोणाच्या नावावर. खाली दाबलं तर आमचंच पान. पानावर दुकानाचं नाव, मसाला गल्लीची खूण, लालबाग. पत्ता घाल असं मीच म्हटलं होतं. तिला नको होता. मी म्हटलं होतं, पत्ता नसेल तर लोक चोर समजतात.
पत्ता तेवढा पुसला. ज्याने वाचायचा त्याने वाचला असेल.

१६ फेब्रु., रविवार
दुकान उघडलं नाही. मग वाटलं बंद दिसलं तर जास्तच संशय. उघडलं.
शेजारी डंकावर मिरच्या कुटायचा सीझन, गल्लीभर शिंका. आक्काला सांगितलं, सांगितल्याशिवाय राहवेना. डंकाची मालकीण ती, वं.ला आल्या दिवसापासून बघतेय. कमरेला हात लावून म्हणाली, "येवं दे मेल्याक. मिरच्येबरोबर कुटून काढतंय."
मी हसले. 
प्रत्येक पुरुष दुकानापुढे थांबला की शिवण थांबते. एक थांबला, त्याला बायकोच्या ब्लाउजला हूक लावून पायजे होते. माझा चेहरा बघून म्हणाला, "नसेल वेळ तर राहू दे हो ताई."

१८ फेब्रु.
मापं आली.
पेपर कटिंगची ऑर्डर. पैसे आधीच भरलेले. मी वाचायला लागले नि पहिल्या तीन आकड्यांतच थांबले. छाती, कंबर, मुंढा. मापं वं.ची. अशी सारखी मापं दहा बायकांची असतात, मी स्वतःला समजावलं. मग खाली, "डावा खांदा अर्धा इंच उतरता धरावा."
तो खांदा कसा उतरला मला माहीत आहे. एक्स-रे मी बघितलाय.
तिचा कुठला तरी जुना ब्लाउज तिकडे राहिला असणार. तो उलटा करून माप घेतलंय. घेणाऱ्याला माप घेता येतं. म्हणजे सासू. सासू शिवायची घरी. की त्याने कोणाकडून घेववलं?
शेवटी लिहिलंय, "घाई आहे. दुकानात येऊन घेतलं तर चालेल का?"
वं.ने तीनदा वाचलं. म्हणाली, "पेपर कटिंग घ्यायला कोण दुकानात येतं?"
मला पाणी द्यायला उठली आणि आपणच पिऊन बसली.

१९ फेब्रु.
चौकीत गेले. वं. नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. टेबलावर बाई होती, तरुण. मी सगळं सांगितलं. भराभरा, उलटसुलट.
"धमकी दिलीय का?"
"मापं दिलीत."
"मावशी, माप पाठवणं गुन्हा नाही ना."
मी भडकले. म्हटलं, तुमच्या अंगाचं माप असं कोणी पाठवलं तर कळेल. मग वाईट नाही वागली. नाव लिहून घेतलं, तो दिसला तर एकशे बारा दाबा म्हणाली, आणि "तिला एकटीला सोडू नका."
एकटीला कोण सोडतंय. मोरीत गेली तरी मी बाहेर उभी. चिडते माझ्यावर.

२० फेब्रु.
कॉटन ग्रीनला माझी जुनी मैत्रीण आहे, गोदामाच्या मागच्या चाळीत. तिला विचारलं, पोरीला पंधरा दिवस ठेवशील? लगेच हो म्हणाली.
वं. जात नाही म्हणते. ओरडले. "तुझी आई वर गेली, मी कोणाला तोंड दाखवू तुला काय झालं तर?" बोलायला नको होतं. ती अस्तर कापत बसली. वाकडं कापलं.

२१ फेब्रु., शुक्रवार
परत मेसेज. "तिला तिथून हलवा. उद्या तो मुंबईत येतोय."
मी उड्याच मारल्या. बघ, सासूच आहे. सांगतेय बिचारी, चोरून सांगतेय. चल, पिशवी भर, टॅक्सी आणते.
वं. जागची हलली नाही. "आणि तोच लिहीत असला तर?"
"तो कशाला सांगेल?"
"दुकानात आक्का आहे, दहा माणसं आहेत. इथे तो काय करणार? मी पिशवी घेऊन रस्त्यावर आले की झालं. टॅक्सीच्या मागून आला की तुझ्या मैत्रिणीचं घर पण कळलं."
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सासू मिरवणारी होती, पण वं.ला स्वतः जेवायला वाढायची, असं वं.नेच सांगितलंय. आणि मार चालू झाला की रेडिओ मोठा करायची, हे पण तिनेच सांगितलंय. ह्यातली कुठली सासू लिहितेय? का तो?
लिहून विचारायचं तर आम्ही घाबरलोय ते कळणार. नाही विचारलं तर...

२२ फेब्रु., शनिवार
आज.
सकाळी लवकर उघडलं. आक्काने आपली खुर्ची माझ्या दारात आणून टाकली, मिरच्यांची देठं खुडत बसली. म्हणाली, "तू शिव गो. मी हंय आसंय."
वं.ने केस विंचरले. तोच ब्लाउज घातला, डाळिंबी. मी म्हटलं हे काय वेड? म्हणाली, "मावशी, फोटो काढ. समोरून."
"तोंड दिसेल."
"दिसू दे. त्याला कळलंय मी कुठे आहे. फक्त त्यालाच कळलंय, म्हणून भीती वाटतेय. पाठ एवढ्या बायकांनी बघितली, तोंड पण बघू दे. खाली लिहिते, मी वंदना, ह्या दुकानात काम करते, नवऱ्याच्या मारामुळे घर सोडलं. फिरू दे आपोआप."
मला पटलेलं नाही. अजूनही नाही. असं उघडं केलं की तो जास्त पिसाळेल. माझ्या माहितीतल्या बायका अशाने वाचल्या नाहीत, गप्प राहून पण सगळ्या वाचल्या नाहीत. मला कळत नाही. मी चौथी शिकलेली.
तरी फोन घेतला. ती दारातल्या उजेडात उभी राहिली, डावा खांदा जरा खाली. ब्लाउज छान बसलाय. उतार मीच धरला होता.
हात हलला, फोटो धुरकट आला.
"परत काढ," म्हणाली.
परत काढला. ह्यात डोळे नीट आलेत. आता फोन तिच्या हातात आहे, लिहून झालंय, बोट वर धरून बसलीय. माझ्याकडे बघतेय.
"टाकू ना मावशी?"
मी तिला म्हटलं, थांब, एवढं लिहिते.