लाईन एंगेज असंल

आई, आज ताई येऊन गेली म्हणून तुला लिहायला बसलोय. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तिनं किन्हवलीच्या घरात पाऊल टाकलं. बाबा हल्ली कुणावर ओरडत नाहीत, ओटीवर बसून असतात. ती पाया पडली आणि त्यांनी मुकाट तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, अहो बाबा, हेच करायचं होतं तर तेव्हा काय धाड भरली होती?

माझा तो कॉम्प्युटर आठवतो का गं? कल्याणहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं जुनं डबडं. मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची नोकरी हवी होती, म्हणून घरी नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून हात बसवायचा होता. सीडी घातली की ती अर्ध्यावर अडकायची, काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवून गप्प. ती ओळ मी तळहातावर लिहून घ्यायचो, जुनी सिस्टीम चालू करायचो, फोनच्या लाईनवरून इंटरनेट लावायचो आणि जगात आणखी कुणाला हे दुखणं झालंय का ते शोधत बसायचो. शेवटी कळलं, एक फाईल कमी आहे. ती उतरवायला अख्खी दुपार लागणार होती. बाबा घरी असताना फोन अडवायची सोय नव्हती, त्यामुळे दुपारच काय ती माझी.

फाईल निम्म्यावर यायची आणि कनेक्शन तुटायचं. मी वायर बदलली, मोडेम बदडला, सेटिंग पुन्हापुन्हा तपासली. एकदा वैतागून पाणी प्यायला आत आलो, तर तू स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभी. त्याच लाईनवरचा फोन तो. रिसीव्हरवर तांदळाच्या पिठाची बोटं उमटली होती.

"आई! म्हणजे तूच तोडतेस होय? आता सगळं पहिल्यापासून!"

"टोन हाय का बघत होते रे. आत नुसती किरकिर चाललीय."

"टोन कशाला बघायचा?"

तू भाकरीकडे वळलीस. "तिचा फोन आला तर? तुझे बाबा नसतात तेवाच करंल ना ती."

ताईनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची बंदी होती. तुझ्याकडे तिचा नंबर नाही, पत्ता नाही. तिच्याकडे मात्र आपला नंबर होता, आणि तू तेवढ्यावर दिवस काढत होतीस. मग आपलं ठरलं, इंटरनेट लावताना मी हाक मारायची, बंद केलं की पुन्हा मारायची, मधे तू रिसीव्हरला हात लावायचा नाही. फाईल आली, सिस्टीम चढली. मी घरभर नाचलो आणि तू माझ्या हातावर गूळ ठेवलास.

त्यानंतर दुपारी इंटरनेटची गरज उरली नाही. तर तूच विचारायला लागलीस, "आज नाय लावत का रे तुझा तो इंटरनेट?" मला गंमत वाटली, म्हटलं आईला गोडी लागली. मग एकदा काकूशी बोलताना ऐकलं. "ती करत असंल गो फोन. पोराचा इंटरनेट चालू असतो ना, लाईन एंगेज असंल." किती शांतपणे म्हणालीस तू ते! तेव्हापासून मी रोज दुपारी इंटरनेट लावून ठेवायचो. काही उतरवायचं नसायचं. पलीकडे तू निवांत भाकऱ्या थापत असायचीस.

आज ताईला जीपपर्यंत सोडायला गेलो. न राहवून विचारलं, "तेव्हा दुपारी फोन करायचीस का गं?"

"एकदापन नाय रे. आईचा आवाज ऐकला असता तर मी तिथं राहिलेच नसते." मग म्हणाली, "ती वाट बघायची का?"

खरं सांगू, आधी मला हलकंच वाटलं. निदान माझ्यामुळे तिचा फोन अडला नव्हता. मग पिठाची ती बोटं आठवली आणि रस्त्यातच रडू फुटलं. ताईला एवढंच म्हणालो, "दुपारी माझं इंटरनेट चालू असायचं गं. फोन लागलाच नसता."

हे तुला धाडायचं नाहीच आहे, आई. धाडता आलं असतं तरी धाडलं नसतं. तू समोर येऊन विचारलंस तर मी अजूनही हेच सांगेन, की ती फोन करत होती आणि लाईन एंगेज होती.