सगळ्यांनी हो म्हटलेली बस

ती. ताई आणि भावोजींना धाकट्याचा नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. आम्ही देवाच्या दयेने ठीक आहोत. तुझ्या भावजयीची तब्येत तर उत्तमच, हे शेजाऱ्यांनाही आवाजावरून कळतं.

ताई, गावच्या शाळेतून मला हाताला धरून पुढे तूच नेलंस, म्हणून मी शहराच्या बस-कचेरीत मार्ग आखायला बसलो. तिथे मोठ्या साहेबांना पटवून मी आम्ही राहतो त्या नव्या वसाहतीसाठी सकाळची बस सुरू करवली. त्याआधी आमची माणसं घरोघर विचारून आली होती, की बस आली तर बसाल का? झाडून सगळे हो म्हणाले. बस आली, आणि तिच्यात चालक, वाहक आणि मी! (मला तिकीट देताना वाहकालाच लाजल्यासारखं व्हायचं.) साहेबांनी बजावलं, महिनाअखेरपर्यंत हीच गत राहिली तर बस बंद आणि माझं टेबल गोदामात.

देवाला हात जोडले आणि स्वतःच दारं ठोठावायला निघालो. पहिल्याच दारातल्या आजी म्हणाल्या, "अहो, तुमचा माणूस उन्हातान्हात आलेला. त्याला नाही कसं म्हणायचं?" म्हणजे पाण्याच्या पेल्याबरोबर होकारही दिला होता! घरोघर हीच भीड. शिवाय मधल्या काळात निम्म्यांची ऑफिसं घरात आली होती, आणि उरलेल्यांना कधी बोलावतील हे त्यांच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. मग मी पुढचं विचारणं सोडलं आणि काल कुठे गेला होतात, एवढंच विचारू लागलो. तेव्हा उलगडा झाला. कुणी दुपारी दवाखान्यात, कुणी आईकडे, तर कुणी घरात बसून जीव आंबला म्हणून नुसतंच बाहेर. मी सकाळची फेरी काढून दुपारी लावली. बस ओसंडून वाहते असं नाही, पण चालकाला आता बोलायला माणसं आहेत. त्या आजींचे आणि देवाचे उपकार फिटायचे नाहीत. पुढल्या वर्षी लोक बदलतील, तेव्हा पुन्हा दारं ठोठावू.

तुझा,
धाकटा

ता.क. शुक्रवारी मोठे साहेब स्वतः बसमधून फिरून निकाल देणार आहेत. तुम्ही दोघं त्याच दुपारी आमच्याकडे याच, आणि याच बसने या. फक्त वेगवेगळ्या बाकांवर बसा, म्हणजे बस जरा भरल्यासारखी दिसेल.

आणखी एक. मी थांब्यावर घ्यायला येईन, पण साहेबांसमोर ओळख दाखवू नका. मी नवी स्कूटर घेतली आहे. काय करणार, माझ्या ऑफिसच्या वेळेची बस मीच बंद केली.