शब्दामागे दर

५ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डाच्या खिडकीत उभं राहून वाचलं आणि तिथेच माझी सटकली. घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी मी फावल्या वेळात माहितीपत्रकं लिहायची, हे ठीक. पण छापखानेवाला तुझा मित्र, म्हणून मला न विचारता दर ठरवून मोकळा झालास? तोही शब्दामागे! तू पाट्या रंगवतोस अक्षरामागे पैसे घेऊन, म्हणून भाचीलाही तीच फूटपट्टी?

मामा, टाके घातलेल्या माणसाला दोन पानं वाचवत नाहीत. 'जखम ओली करू नका' एवढ्यावर यायला काल मी अख्खा परिच्छेद छाटला. जितकं चांगलं लिहीन तितकी मजुरी कमी, हा कुठला न्याय? छापखानेवाल्याला कळवलंय, दर पत्रकामागे लागेल आणि तो मी सांगेन.

रागावले आहे, तरी लोभ असावा.

तुझी,
ठिणगी

१२ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

छापखानेवाला दुकानात येऊन बसला होता. म्हणाला, अजून शिकाऊ आहे, पुरती डॉक्टर झाली की मागू दे हवं ते; नाहीतर दुसरे ढीगभर मिळतील. माझी मान खाली गेली गं.

परीक्षेची फी या कामातून भरणार, असं तूच लिहिलं होतंस. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. त्यापेक्षा चार शब्द वाढव की! मीसुद्धा गिऱ्हाइकाच्या पाटीत हळूच 'आणि कंपनी' घुसवतोच. तुझी आई म्हणते, पोरगी मामावर गेली. मी म्हटलं, माझ्यावर गेली असती तर गप्प बसली असती.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
मामा

१८ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

शब्द वाढवणार नाही. परवा एक आजोबा परत भरती झाले. कुठली गोळी कधी बंद करायची, ते जुन्या पत्रकात तिसऱ्या पानाच्या तळाशी होतं. त्यांना वाचता येत होतं, तिथवर पोचायचा दम नव्हता. मला रडूच आलं.

आणि रात्रपाळीला, सलाइन लावायला, नातेवाइकांच्या शिव्या खायला मी डॉक्टर. पैसे द्यायची वेळ आली की बरी शिकाऊ होते! फी नाही जमली तर परीक्षा पुढच्या खेपेला देईन. भीती वाटते, नाही असं नाही. पण दर तोच राहील.

आईला सांग, मी तुझ्यावरच गेले आहे. तूच विसरलास.

तुझी,
ठिणगी

२ एप्रिल

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

छापखानेवाल्याला नवी पाटी हवी आहे. रस्त्याच्या टोकावरून दिसेल असा एकच शब्द, 'छापखाना'. म्हणाला, चार अक्षरं, चारांचे पैसे घे. म्हणजे शिडीवर चढून पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवायची, आणि मजुरी चणेफुटाण्यांची! मला तुझा तो छाटलेला परिच्छेद आठवला. कुंचला डब्यात ठेवला आणि म्हटलं, दर पाटीमागे, आणि तो मी सांगेन. तो तणतणत दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेला.

आज परत आला. पाटी माझ्या दरात ठरली. जाताना पुटपुटला, तुझ्या भाचीसारखं आटोपशीर कुणाला जमेना, तिचा दर मान्य आहे असं कळव.

मी म्हटलं, ते तूच तिला लिहून कळव. तिचा दर मी ठरवत नाही.

पत्र येईलच त्याचं. लोभ मात्र अक्षरामागे मोजू नकोस.

तुझा,
मामा