ओले केस

बाबा, ज्या सुट्टीची मला आजही किळस येते तिच्याबद्दल लिहिते आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सगळं बंद व्हायच्या जरा आधी, नवरा, लेक आणि मी, आम्ही तिघं इथून, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या एनिसहून, थायलंडला गेलो. जाहिरातीत हिरवं पाणी होतं आणि त्यातून सरळ वर उठलेले चुनखडीचे कडे. कडे खरेच होते. त्यांच्या पायथ्याशी पाण्यावर सनस्क्रीनचा तेलकट तवंग, त्यात चिप्सची पाकिटं, आणि ती फेकणारी माणसं लालभडक पाठी उघड्या टाकून बिअर पीत बसलेली. एक बाई माकडाला कोल्ड्रिंक पाजत होती, तिचा नवरा व्हिडिओ काढत होता. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी. आधी एक फॉर्म दिला: पोहता येतं का, हो किंवा नाही. मी इथे मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एक रकाना रिकामा दिसला तर अख्खी बॅच अडवते. लोक मला टरकून असतात. मी ‘हो’वर खूण केली आणि सही केली. पेन अडखळलंसुद्धा नाही.

ते का अडखळलं नाही हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मी अकरा वर्षांची आहे, मे महिना आहे. तुम्ही मला पोहण्याच्या तलावाचा महिन्याचा पास काढून दिलाय, सकाळी सायकलवरून सोडता आणि तसेच कारखान्यात जाता. पायऱ्यांवर शेवाळ, काठावर थुंकलेलं, आणि शिकवणारी बाई मानेला धरून पाण्यात ढकलते. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी कपडे बदलायच्या खोलीत बसून राहते आणि तास संपला की नळाखाली डोकं धरते. महिनाअखेर स्वयंपाकघरात तुम्ही आईला म्हणालात, “पोरगी पट्टीची पोहणारी झाली हो,” आणि वॉटरप्रूफ घड्याळ माझ्या मनगटावर बांधलंत. बॉयलरचा काटा स्वतः शिडी चढून बघितल्याशिवाय तुम्ही कधी सही केली नाहीत. माझ्या प्रयोगवहीत न मोजता लिहिलेला आकडा सापडला तेव्हा पान फाडून हातात दिलंत. माझ्या केसांवरून मात्र नुसता हात फिरवलात आणि विश्वास ठेवलात.

नवरा पाठदुखीमुळे किनाऱ्यावरच थांबला. दोघींच्या कयाकमध्ये पुढे लेक, मागे मी. कड्याखालच्या गुहेच्या तोंडाशी एक मोटरबोट वेगात गेली, तिच्या लाटेने आम्ही उलटलो. अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी मी लेकीच्या गळ्याला मिठी मारली आणि तिला दोनदा पाण्याखाली दाबलं. “लेट गो, मॅम. यू आर ग्रँड, जस्ट लेट गो,” एवढंच ती म्हणत होती; इथे आईला मॅम म्हणतात आणि ठीक असण्याला ग्रँड. किनाऱ्यावर खोकत बसली, मानेवर माझी नखं उमटलेली. “यू टिक्ड येस,” ती म्हणाली. “पायात गोळा आला गं,” मी म्हटलं. तिने ते खरं मानलं.

लॉकडाउनमध्ये इथे जो तो समुद्रात पोहायला लागला आहे, लेकही. काल मला घेऊन गेली. पाणी बर्फासारखं, पायाला बुळबुळीत शेवाळ, वास कुजका. “कम इन, मॅम. नो क्रॅम्प्स इन क्लेअर,” म्हणून हसली आणि मैत्रिणींबरोबर आत लांब गेली. मी गुडघाभर पाण्यात उभी. ती परत वळलेली दिसली तशी मी वाकले आणि केस ओले करून घेतले. त्रेपन्नाव्या वर्षी. “फेअर प्ले टू यू,” अशी इथली शाबासकी देत तिने माझं डोकं टॉवेलने पुसलं, लहानपणी न्हाल्यावर तुम्ही पुसायचात अगदी तसं, खसाखसा.

हा कागद घडी करून कपाटात चहाच्या डब्यामागे ठेवते आहे. पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्ही आता काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.