हरवलेल्या परवान्याची शपथ

ती. दाजींना सा. न.

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमचा गुडघा कुरकुरत नसावा आणि ताईचा रागही (माझं पत्र उशिरा आलं म्हणून) ओसरलेला असावा. इकडे आम्ही सर्व मजेत. आईच्या कानांचं तसंच आहे, म्हणजे तिला हवं तेवढं स्वच्छ ऐकू येतं.

विशेष म्हणजे माझा गाडी चालवायचा परवाना हरवला. दुसरा काढायचा तर पहिला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणून कचेरीसमोरच्या टायपिस्टकडे गेलो. त्यानं माझं नाव विचारायच्या आधीच टाईप करून टाकलं की सदर परवाना प्रवासात गहाळ झाला. अहो, घर ते भाजीबाजार यापलीकडे माझी स्कूटर कधी गेली नाही. तर म्हणतो, "काका, सगळ्यांचा प्रवासातच हरवतो. तुम्ही एकटे कशाला वेगळे पडता?" (भाजी आणणं हाही प्रवासच, असं शेवटी ठरलं.) पण पुढचं वाक्य काही घशाखाली उतरेना. म्हणे, घरी व अन्यत्र कसून शोध घेतला. दाजी, मी कपाटाखाली वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं! तुम्हांला ठाऊकच आहे, आमच्या घरात पत्ते खेळतानाही कुणी खोटं बोलत नाही, म्हणून तर आम्ही कायम हरतो. मग शपथेवर खोटं कसं लिहून द्यायचं? टायपिस्टला म्हटलं, कागद राहू द्या, आधी शोधून येतो. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नसावं.

मग सगळं घर उपसलं. लग्नात आलेलं कपाट प्रथमच भिंतीपासून सुटलं. आईच्या चष्म्याची काडी, थर्मामीटर आणि जिच्यापायी शेजारणीशी अबोला धरला होता ती कात्री, सगळं मिळालं. (शेजारणीला अजून सांगितलेलं नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं आईचं मत.)

दरम्यान स्कूटर आमच्या मंडळी चालवतात. त्यांचा परवाना लग्नाआधीचा, पण पुढची सीट मी कधी सोडलीच नव्हती. पहिल्या दिवशी मागे बसलो तो मान खाली घालूनच. चौकातला पेपरवाला ओरडला, "काय काका, आज डबल सीट?" आता मान वर करून बसतो. शिंप्याच्या गच्चीत कबुतरं आहेत, बँकेच्या वर एक बाई बासरी शिकवतात, हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. मला फक्त खड्डे ठाऊक होते. आणि मंडळी गाडी चालवताना गाणं म्हणतात, दाजी! घरात कधी ऐकलं नव्हतं. काल वाण्याचं दुकान मागे पडलं तरी मी बोललो नाही. फार सुख वाटलं.

असो. कागद तयार आहे, सोमवारी वकिलासमोर शपथ घ्यायची. नवा परवाना आला की हँडल पुन्हा माझ्या हाती आणि मंडळी मागे. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. परवाना सापडला आहे. शोधाशोधीत मी माळ्यावर चढलो होतो. खाली मंडळींनी माझ्या जुन्या कोटाचं अस्तर चाचपलं, परवाना बाहेर काढला, माझ्या फोटोकडे जरा वेळ पाहिलं, तो परत आत सरकवला आणि ओरडून सांगितलं, "इथंही नाही हो!" मी वरून म्हटलं, "बरं." आमच्या घरातलं हे पहिलंच खोटं, आणि मला ते उघडं पाडवत नाही.

आणखी एक. आता हरवला अशी शपथ घेऊ कशी, आणि सापडला म्हणू तरी कसा? तेव्हा कृपा करून उलट टपाली मंडळींच्या नावानं एवढंच कळवा की परवाना बहुधा तुमच्याकडे राहिला असावा, सवडीनं शोधून पाठवता, तोवर प्रतिज्ञापत्राची घाई करू नये. हे खोटं आहे हे मंडळींना लगेच कळेल. पण जावयाचा शब्द आमच्या घरात कुणी खोडत नाही, आणि तुम्हांला कुठे शपथेवर लिहायचं आहे!