पिंगळीच्या पत्त्यावरचा रिपोर्ट

डॉक्टर धम्मपाल साहेबांस,

रामराम लिहिणार होतो, पण तुमच्यात जयभीम म्हणतात. तो लिहायला हात धजत नाही, म्हणून नमस्कार.

सोमवारी तुम्ही ज्या म्हाताऱ्याला कुशीवर निजवून तपासलं, तो मी. शौचातून दोन वर्षं रक्त जायचं. मूळव्याध समजून लाजेनं लपवलं. तुम्ही आतला तुकडा काढलात आणि म्हणालात, "मामा, हा कॅन्सरच्या तपासणीला औरंगाबादला जाईल. रिपोर्ट पोस्टानं घरी पाठवतो. नाव, गाव सांगा."

"रंगनाथ. पिंगळी."

दोन्ही खोटं. मी तुमच्याच गावचा तात्याराव. तुमचा चेहरा थेट तुमच्या आईचा, सुलाबाईचा, म्हणून दारातच ओळखलं आणि घाबरलो.

नामांतराच्या साली तुमची वस्ती पेटली. आग मी लावली नाही, देवाशपथ. पण तुमची आई घागर घेऊन माझ्या विहिरीवर आली. "मालक, घर जळायलंय, पाणी घेऊ द्या." मी दोर ओढून घेतला. चार लोक बघत होते.

आता बायको धुरपता विचारते, "रोज पोस्टमनची वाट काय बघायलाव? तुमाला कोण लिहितंय?" तिला काय सांगू? रिपोर्ट पिंगळीहून परत फिरेल, हे माहीत असूनही वाट बघतो. नुसतं खरं नाव कळवलं तरी तुम्हाला विहीर आठवेल.

काल पुन्हा रक्त पडलं. वर माती ओढली आणि घरी येऊन हे लिहिलं, पण पेटीत टाकवत नाही. तुम्ही हाकलून दिलंत तर सोसेन. पण सगळं माहीत असून तुम्ही पुन्हा तितक्याच हळू हातानं तपासलंत, तर तोंड कुठे लपवू?

तुमच्या गावचा,
तात्याराव